पेंढा कुजविणारे जिवाणू

कर्जत तालुक्यातील कळंब परिसरात भात हे खरिपाचे प्रमुख पीक होय. झोडणीनंतर चांगला पेंढा गुरांसाठी रचून ठेवतात. मोडका पेंढा पालापाचोळा व शेणासह राबात जाळला जातो. राब भाजल्याने तणाचे बी मरते, हे खरे. परंतु पेंढ्यातील बहुतेक नत्र धुरावाटे निघून जाते.

पेंढा चिवट असतो तो सेल्युलोज व लिग्निन या द्रव्यांमुळे. सेल्युलोज म्हणजे शर्करेच्या रेणूंची लांब साखळी. सेल्युलोमोनास, सायटोफागा इत्यादी जिवाणू विकरांच्या साहाय्याने ती तोडतात. लिग्निनचे विघटन मुख्यत्वे बुरशी करते. गाईला पेंढा पचतो तोही तिच्या पोटातील अशाच सूक्ष्म जीवांच्या बळावर.

या जिवाणूंना वाढीसाठी नत्र लागते आणि पेंढ्यात ते फार थोडे असते. म्हणून लावणीच्या तोंडावर कच्चा पेंढा चिखलात गाडल्यास जिवाणू जमिनीतील नत्र उचलतात व रोपे पिवळी पडतात. दोष मात्र बियाण्याला दिला जातो!

पेंढ्याच्या प्रत्येक थरावर शेणकाला शिंपडावा. त्यातून नत्र व जिवाणू दोन्ही मिळतात. येथील मुसळधार पावसात खड्डा पाण्याने भरतो, हवा कोंडते आणि कुजणे मंदावते. यास्तव उंचवट्यावर ढीगच रचावा. उन्हाळ्यात पाणी शिंपडून ओल राखावी. मूठभर पेंढा दाबला असता हात ओला व्हावा, पाणी गळू नये. ढीग नीट रचला असल्यास थोड्याच दिवसांत आतील उष्णता ६० अंश सेल्सिअसपर्यंत चढते व तणाचे बरेचसे बी तीतच मरते. ती उतरू लागली की ढीग उलटावा.