इंजिन आधी की ब्रेक?

प्रश्न : लष्करी लिलावातली जोंगा गाडी आणि छोटा ट्रेलर घेतला आहे. जुनी गाडी दुरुस्त करायची पहिलीच वेळ आहे. सुरुवात इंजिनपासून करू का?

उत्तर : नको, ब्रेकपासून करा. जबलपूरला बनलेल्या जोंगाचं सुमारे ४ लिटरचं, सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन दणकट आहे, त्याचं काम नंतर केलं तरी चालेल. उभ्या गाडीत मात्र ब्रेक ऑइल ओलावा शोषतं, व्हील सिलिंडर आतून गंजतात, रबरी नळ्या तडकतात आणि बाहेरून काहीच कळत नाही. इंजिन सुरू झालं की गाडी रस्त्यावर काढायचा मोह आवरत नाही, म्हणून हा क्रम. इंजिनच जाम निघालं तर ब्रेकचा खर्च वाया जाईल, ही शंका रास्त आहे. त्यासाठी प्लग काढून, सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडून क्रँक हाताने फिरतो का, एवढंच आधी पाहा. शिवाय अशा छोट्या ट्रेलरला बहुधा फक्त हँडब्रेक असतो. उतारावर ट्रेलरचा सगळा भार गाडीच्याच ब्रेकवर येतो.