बापाचं नाव प्रार्थनेत

जुन्या गोव्यातल्या ‘पवित्र टेकडी’वर रस्त्याच्या एका अंगाला संत ऑगस्टिनच्या चर्चचा भग्न मनोरा उभा आहे आणि दुसऱ्या अंगाला संत मोनिकेचा कॉन्व्हेंट. दोन्ही बांधकामं 17व्या शतकाच्या आरंभीची. मायलेक असे समोरासमोर. ऑगस्टिनचा बाप पॅट्रिशियस मात्र या टेकडीवर कुठेच नाही. त्यात नवल वाटायचं कारण नाही. मोनिकेला लेकासाठी अश्रू ढाळणारी आई म्हणून संतपद मिळालं आणि बाप राहिला शीघ्रकोपी, बायकोशी एकनिष्ठ नसलेला माणूस. हे त्याच्याविषयी कुणा शत्रूने नव्हे, पोटच्या पोराने लिहून ठेवलं आहे.

ऑगस्टिनचं ‘कन्फेशन्स’ हे इ.स. 397च्या सुमाराला लिहायला घेतलेलं आत्मकथन. आजच्या अल्जीरियातल्या थगास्ते गावी 354 साली तो जन्मला. बाप लहानसा जमीनदार; पण पोराला शिकायला कार्थेजला धाडायचं म्हणून ऐपतीबाहेर खर्च करायला निघालेला. पैसे जमेपर्यंत सोळाव्या वर्षी पोरगा घरी रिकामा बसला आणि नको त्या नादाला लागला. पोरगा वक्ता व्हावा ही बापाला हौस, तो माणूस म्हणून कसा घडतोय याची फिकीर नाही, अशी ऑगस्टिनची तक्रार आहे. पुढे बाप वारला. ती बातमी त्याने ओघात एका वाक्यात उरकली आहे. अख्ख्या पुस्तकात सगळ्यात बोचरं काही असेल तर ते हेच.

आईचंही त्याने सोवळं चित्र रंगवलेलं नाही. तीही त्याच्या पुढच्या करिअरचे हिशेब मांडत होती, असं तो सांगतो. स्वतःलाही तो सोडत नाही. 383 साली आईला चुकवून रोमला जायचं ठरलं, तेव्हा त्याने थाप मारली की मित्राला निरोप द्यायला बंदरावर आलोय. ती माउली जवळच्या प्रार्थनास्थळी रात्रभर थांबली आणि इकडे गलबत सुटलं. चार वर्षांनी, त्याचा बाप्तिस्मा झाला त्याच वर्षी, ती ऑस्टिया बंदरात वारली.

आईच्या मृत्यूची हकिगत ‘कन्फेशन्स’च्या नवव्या भागात येते आणि त्याच भागात त्याने बापाच्या संतापाचीही सांगितली आहे: मोनिका त्याचा राग ओसरेपर्यंत गप्प राहायची, आणि शेजारच्या बायकांच्या चेहऱ्यांवर नवऱ्यांच्या माराचे वळ असायचे. एवढं सगळं लिहून झाल्यावर, भागाच्या अखेरीस, तो वाचकांना विनवतो की वेदीपुढे प्रार्थना करताना माझ्या आईची आणि तिच्या नवऱ्याची आठवण करा. तोवर बापाला जाऊन पंचवीस वर्षं होऊन गेली होती.

आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये साक्ष देण्याची रीत आहे. उठून उभं राहायचं, पूर्वी मी कसा होतो आणि प्रभूने कसा बदलला ते सांगायचं. दारू, जुगार, आजारपण, सगळं त्यात येतं. घरात बापाच्या हातचा खाल्लेला मार सहसा येत नाही. कारण आईबापांचा मान राख ही आज्ञा लगेच आडवी येते. ज्याच्या घरी असं घडलं असेल त्याने ऑगस्टिनचा क्रम उचलावा. आधी जे झालं ते जसंच्या तसं सांगावं, आणि क्षमेची घाई करू नये. लूकच्या शुभवर्तमानात तर येशू अपराध्याला दटावायला सांगतो आणि त्याला पश्चात्ताप झाला तर क्षमा करायला. दटावणं आधी येतं, हे कितीजणांना आठवतं?

व्यासपीठावरून आणखी एक गफलत होते. इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातली मुलांनी आज्ञा पाळण्याची वचनं बालदिनाला हमखास वाचली जातात. लगेच पुढचं, चौथं वचन बापांसाठी आहे: पोरांना चिडीला आणू नका. ते वाचेपर्यंत पाळकसाहेबांचा वेळ संपतो की काय, कोण जाणे.

मराठीत या बाबतीत सगळ्यात चांगली शिकवणी लक्ष्मीबाई टिळकांची. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचं आत्मचरित्र 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध झालं. त्यात त्यांचे वडील नाना गोखले आहेत आणि त्यांचं सोवळ्याचं वेड आहे. बाहेरून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात घ्यायचा नाही, आणि या धुण्यापुसण्यात घरातल्या बायकांचे हाल. बाई हे असं सांगतात की हसू आवरत नाही. पण आईचे कष्ट त्या हशाखाली झाकत नाहीत. आणि हे वेड कुठून आलं तेही त्या सांगतात: 1857च्या धामधुमीत जवळच्या नातलगाला झालेली फाशी. बापाने घेतलेला धसका लेकीला कळला, म्हणून आईचे हाल क्षम्य ठरले नाहीत. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी राहतात.

मान राखायचा म्हणजे नेमकं काय, याचं उत्तर मार्कच्या सातव्या अध्यायात अगदी व्यवहारी आहे. देवाला वाहिलं असं म्हणून आईबापांना द्यायचा पैसा अडवणाऱ्यांना येशू तिथे फटकारतो. म्हणजे प्रश्न औषधाच्या बिलाचा आणि दोन वेळच्या जेवणाचा आहे. चर्चच्या देणगीत नाव पहिलं आणि गावाकडे म्हाताऱ्याचा चष्मा फुटलेला, असं चालत नाही. स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या आईबापांना 2007च्या कायद्याने मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो, पण प्रकरण प्रांताच्या कचेरीपर्यंत जायला नको.

खर्च उचलला म्हणजे एका छपराखाली राहिलंच पाहिजे, असंही नाही. क्षमा एकट्याला करता येते, समेटाला दोघं लागतात. बाप अजून हात उगारत असेल, नातवंडांना त्याची भीती वाटत असेल, तर दर महिन्याला पैसे पाठवावेत, डॉक्टरांशी फोनवर बोलावं आणि अंतर राखावं. लहान मुलाला मार बसत असेल तर 1098, बाईला बसत असेल तर 181. हे फोन केल्याने आज्ञा मोडत नाही.

बाप माफी मागेल याची वाट पाहण्यात पुष्कळांची उमेद जाते. काही बाप मागतात, बरेचसे न मागताच जातात, आणि मग स्मरणाच्या उपासनेत थोरल्या मुलाला दोन शब्द बोला म्हणतात. तिथे पुण्यात्म्याचं खोटं चित्र रंगवायची गरज नसते आणि जुना हिशेब काढायचीही ती जागा नव्हे. खरी असलेली एखादीच चांगली गोष्ट सांगून खाली बसावं. ऑगस्टिनलाही तशी एक सापडली होती: बापापेक्षा कितीतरी श्रीमंत असलेल्यांनी आपल्या मुलांच्या शिक्षणासाठी एवढा खर्च केला नव्हता.