नाम-सर्व्हरांचा प्रतिसादकाल आणि उपलब्धता

२१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेतील असंख्य लोकांना ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या संकेतस्थळांवर काही तास पोहोचता आले नाही. ही संकेतस्थळे चालविणारी यंत्रे सुस्थितीत होती. कोलमडले होते ते त्यांचा पत्ता सांगणारे सर्व्हर. घरोघरच्या कॅमेऱ्यांवर व तत्सम उपकरणांवर ताबा मिळवून, डाइन या कंपनीच्या नाम-सर्व्हरांवर इतका भडिमार करण्यात आला की खऱ्या प्रश्नांची उत्तरे देणे त्यांना अशक्य झाले. माणूस घरी आहे, दारही उघडे आहे. परंतु त्याचे घर दाखविणारा गावात कोणी नाही, अशी ती अवस्था होती.

नाव आणि अंकी पत्ता यांची सांगड घालणारी ही व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. तिच्या शिखरस्थानी असलेले १३ मूळ सर्व्हर इंग्रजी ‘ए’ ते ‘एम’ या अक्षरांनी ओळखले जातात. असा सर्व्हर कितपत विश्वासार्ह आहे, हे ठरविण्यासाठी प्रामुख्याने दोन गोष्टी मोजतात. प्रश्न पाठविल्यापासून उत्तर येईपर्यंत लागणारा वेळ म्हणजे प्रतिसादकाल. आणि विचारलेल्या प्रश्नांपैकी किती प्रश्नांना उत्तर मिळाले, त्याचे प्रमाण म्हणजे उपलब्धता.

हे मोजमाप वाटते तितके सोपे नाही. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते लंडन हे सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर धरले, तर नुसत्या जाण्यायेण्यालाच ७२ मिलिसेकंद हवेत. सर्व्हर कितीही चपळ असला तरी हे अंतर त्याला चुकविता येत नाही. याच हिशेबाचा उलटा उपयोगही होतो. मुंबईत विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर १० मिलिसेकंदांत आले, तर ते लंडनहून आलेले नाही, हे निश्चित. एकाच पत्त्याच्या अनेक प्रती जगभर ठेवण्याची पद्धत आहे. प्रश्न बहुधा जाळ्याच्या दृष्टीने जवळच्या प्रतीकडे जातो. म्हणून ‘या सर्व्हरचा प्रतिसादकाल किती?’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोठून मोजला, हे सांगितल्यावाचून त्या आकड्याला अर्थ नाही. याच कारणाने युरोपातील राइप एनसीसी या संस्थेने २०१० पासून स्वयंसेवकांच्या घरी व कार्यालयांत छोटी मापनयंत्रे बसविण्यास प्रारंभ केला.

उत्तर आलेच नाही तर? सर्व्हर बंद असेल, किंवा प्रश्न वाटेतच हरवला असेल. विचारणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसते. शिवाय किती वेळ वाट पाहावी, हेही माणसालाच ठरवावे लागते. आयकॅन या संस्थेच्या मूळ सर्व्हर सल्लागार समितीने २०२० मध्ये ही मर्यादा ४ सेकंद ठरविली. दर ५ मिनिटांनी, जगातील सुमारे २० ठिकाणांहून प्रश्न विचारावेत आणि प्रतिसादकालाची सरासरी न घेता मध्यक घ्यावा, असेही तिने सुचविले. हे योग्यच आहे. दहा उत्तरांपैकी नऊ २० मिलिसेकंदांत आणि एक ३ सेकंदांत आले, तर सरासरी ३१८ मिलिसेकंद भरते, जी त्या दहांपैकी एकाही उत्तराचे वर्णन करीत नाही.

याच समितीने एका मूळ सर्व्हरसाठी उपलब्धतेची किमान मर्यादा केवळ ९६ टक्के ठेवली आहे. म्हणजे ३० दिवसांच्या महिन्यात सुमारे २९ तास तो मुका राहिला तरी चालेल! उलट, संपूर्ण व्यवस्थेकडून मात्र ९९.९९९ टक्क्यांची अपेक्षा आहे. वाचकाला हा विरोधाभास वाटेल. परंतु त्यामागे साधे गणित आहे. १३ पैकी ८ सर्व्हर चालू असले की व्यवस्था शाबूत, असे धरले आहे. प्रत्येक सर्व्हर १०० पैकी ४ वेळा बंद असला, तरी एकाच वेळी ६ किंवा अधिक सर्व्हर बंद असण्याची शक्यता लाखात एकाहूनही कमी भरते. अर्थात हे गणित प्रत्येक सर्व्हर आपापल्या कारणाने बंद पडतो, या गृहीतावर उभे आहे. हल्लेखोर ते गृहीत पाळीत नाहीत. ३० नोव्हेंबर २०१५ रोजी अनेक मूळ सर्व्हरांवर एकदमच, प्रत्येकी सेकंदाला सुमारे ५० लाख प्रश्नांचा मारा झाला. तेव्हा काही सर्व्हरांची उत्तरे पुष्कळ ठिकाणी येईनाशी झाली, तर काहींना झळही लागली नाही.

मोजलेली उपलब्धता आणि सामान्य माणसाचा अनुभव यांतही अंतर असते. २१ ऑक्टोबर २००२ रोजी (तारखेचा योगायोग लक्षणीय आहे) तेराही मूळ सर्व्हरांवर सुमारे तासभर हल्ला झाला. मापनयंत्रांनी तो टिपला, पण सामान्य वापरकर्त्यांना त्याचा फारसा पत्ताही लागला नाही. कारण मूळ सर्व्हरने ‘.कॉम’ किंवा ‘.इन’ यांविषयी दिलेले उत्तर स्थानिक सर्व्हर दोन दिवसांपर्यंत जपून ठेवू शकतात. २०१६ च्या हल्ल्यातील संकेतस्थळांच्या पत्त्यांची मुदत मात्र अनेकदा काही मिनिटांचीच होती. ती संपताच स्थानिक सर्व्हरांना पुन्हा विचारणे भाग पडले, आणि उत्तर देणारे कोणी नव्हते.