लेकीच्या कॉलेजसाठी अनुदान मागू या

सख्यांनो, बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच चिंता असते : पोरीला पुढं शिकवायचं कसं? गटातून कर्ज काढता येतं. पण आधी सरकारकडून आपल्याला काय मिळायला हवं, ते समजून घेऊ.

अनुदान म्हणजे काय?
अनुदानित वर्गाच्या प्राध्यापकांचा पगार सरकार देतं, म्हणून फी कमी असते. विनाअनुदानित वर्गाचा खर्च फीमधून निघतो. एकाच कॉलेजात दोन्ही प्रकारचे वर्ग असू शकतात. म्हणून प्रवेशाआधी विचारा, "हा वर्ग अनुदानित आहे का?"

देणगीवर का भागत नाही?
महर्षी कर्वे यांनी 1916 साली महिला विद्यापीठ सुरू केलं. 1920 साली विठ्ठलदास ठाकरसी यांनी 15 लाख रुपये दिले. कायद्याची मान्यता मात्र 1951 साली मिळाली. प्रत्येक तालुक्याला असा दाता कुठून मिळणार? देणगी एकदा येते, पगार दरमहा लागतो.

आज काय मिळतं?
2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या, आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास व इतर मागास प्रवर्गातल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन भरतं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. अर्ज महाडीबीटीवर करायचा.

पण खोलीभाडं, मेस आणि प्रवास यात येत नाही. गावाकडच्या मुलींना एसटीचा मोफत पास बारावीपर्यंतच. मंद्रूपकडून जुळे सोलापुरात रोज येणारी, नाहीतर तिथं खोली घेऊन राहणारी पोरगी इथंच अडते. फी माफ होऊनही शिक्षण सुटतं ते असं.

आपण काय करायचं?
1. गावात बारावी झालेल्या मुली किती, पुढं किती शिकतात, बाकीच्या का थांबल्या आणि महिन्याला खर्च किती, हे प्रत्येक गटानं वहीत लिहावं.
2. ते आकडे महिला ग्रामसभेत मांडून ठराव घ्यावा : महिला महाविद्यालयांना अनुदान, मुलींचं सरकारी वसतिगृह, पदवीपर्यंत मोफत पास.
3. ठरावाची प्रत आमदार, उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालय आणि एसटी आगाराला द्यावी. पोच घ्यायला विसरू नका.

बैठकीत चर्चा करा : आपल्या गटातली कोणती पोरगी फीमुळं नाही, तर प्रवासामुळं घरी बसली?