सोबत्याचं नाटक ऐकताना



आपल्या मंडळाच्या नाट्यवाचनात दर वर्षी हे घडतं. कुणीतरी नवी एकांकिका किंवा स्वगत लिहून आणतं. वाचताना आवाज थोडा कापतो. शेवटचं वाक्य संपतं आणि खोली गप्प होते. मग एकजण म्हणतो, "छान आहे रे." दुसरी म्हणते, "विषय एकदम वेगळा." तिसरा म्हणतो, "शेवट जरा लांबला." तेवढ्यात चहा येतो आणि आपण परीक्षेच्या टाइमटेबलवर येतो. लिहिणारा घरी जातो तेव्हा त्याच्या हाती काय लागलेलं असतं? काहीच नाही.

सोबत्याचं नवं लेखन कसं ऐकावं, त्यावर काय बोलावं आणि काय बोलू नये, हा या लेखाचा विषय आहे. सुरुवात माझ्याच चुकीपासून करते.

मी मूळची कुक्षीची. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात हे तहसिलीचं गाव आहे. धार आणि देवास ही पवारांची संस्थानं, त्यामुळे त्या मुलखात मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आमचं त्यातलंच एक. घरात मराठी, बाजारात निमाडी आणि हिंदी. कॉलेजसाठी महाराष्ट्रात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझ्या बोलण्यावर कुणीतरी हसलं. त्या दिवसापासून "काय करून राहिली?" असं म्हणणं मी सोडून दिलं.

दोन वर्षांनी आमच्याच भागातला एक ज्युनिअर मंडळात आला. त्यानं एक स्वगत लिहिलं होतं. कुक्षी तहसिलीतल्या निसरपूरची एक मराठी आजी, आणि तिचं पाण्याखाली जाणारं घर. सरदार सरोवर धरण गुजरातेत आहे, पण त्याचं मागे साचलेलं पाणी धार-बडवानीपर्यंत येतं. सप्टेंबर २०१९ मध्ये धरण पहिल्यांदा १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरलं आणि निसरपूर पाण्यात गेलं. हे त्यानं पेपरात वाचलेलं नव्हतं, घरात ऐकलेलं होतं.

वाचन झालं आणि मी, सीनिअर म्हणून, तीन सूचना केल्या. एक: भाषा शुद्ध कर. आजी 'ओटला' म्हणते तिथे 'ओटा' लिही, 'डूब' म्हणते तिथे 'बुडीत क्षेत्र' लिही. दोन: निसरपूर इथे कुणाला कळणार? कोयनेचं धरण कर, लोकांना जवळचं वाटेल. तीन: शेवट रडका आहे, बदल.

त्यानं निमूटपणे तिन्ही केलं. पुढच्या वाचनात ते स्वगत मेलेलं होतं. एकही वाक्य चूक नव्हतं, पण आजी कुठेच नव्हती. त्यानंतर सहा महिने त्या मुलानं काही लिहिलं नाही. त्याचं लेखन मी ऐकलंच नव्हतं. माझी लाज मी त्याच्या कागदावर दुरुस्त करत होते, हे मला फार उशिरा कळलं.

वाचणाऱ्याच्या हातात काय असतं?

ही गोष्ट छोटी वाटेल. पण आपल्या नाटकाच्या इतिहासात नव्या लेखनाचं काय होणार, हे अनेकदा पहिल्या वाचणाऱ्यावर ठरलं आहे. दोन उदाहरणं पाहू.

पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिलं. भोळं कुणबी जोडपं, त्यांना फसवणारा जोशी, मध्येच येणारा पाद्री आणि सगळ्यावर टिप्पणी करणारा विदूषक अशी त्याची मांडणी. शेवटी ते जोडपं रात्रीच्या शाळेत शिकायला जायचं ठरवतं. फुल्यांनी हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवलं. कमिटीनं ते स्वीकारलं नाही. नाटक छापून लोकांसमोर यायला शंभराहून जास्त वर्षं लागली. विचार करा, हे नाटक तेव्हाच छापून गावोगाव खेळलं गेलं असतं, तर मराठी नाटकात कुणब्याच्या बोलीला आणि प्रश्नांना किती आधी जागा मिळाली असती!

दुसरं उदाहरण याच्या उलट आहे. नागपुरात इंग्रजी शिकवणाऱ्या महेश एलकुंचवारांची 'सुलतान' ही एकांकिका १९६७ मध्ये 'सत्यकथे'त आली. विजया मेहतांनी ती वाचली, आणि पुढे 'रंगायन'नं त्यांच्या एकांकिका रंगमंचावर आणल्या. एलकुंचवार पुढे 'वाडा चिरेबंदी'पर्यंत पोचले, त्याच्या सुरुवातीला नीट वाचणारी एक व्यक्ती होती.

आपण कमिटी नाही आणि विजयाबाईही नाही. पण आपल्या मंडळातल्या मुलामुलींसाठी पहिले वाचणारे आपणच आहोत.

आधी हे काय आहे ते ओळखा

कुठलाही लेखनप्रकार त्याच्या स्वतःच्या मापानं मोजावा लागतो. आपल्याकडे तीन गोष्टींची नेहमी सरमिसळ होते.

एकांकिका म्हणजे कापून छोटं केलेलं तीन अंकी नाटक नव्हे. तिच्यात साधारणपणे एकच ताण असतो आणि पडदा उघडतो तेव्हा तो सुरू झालेला असतो. म्हणून "पात्रांचा पूर्वेतिहास कळला नाही" ही तक्रार करण्याआधी तो कळायची गरज होती का, हे बघा.

एकपात्री प्रयोगात नट एक असतो, पात्रं अनेक असू शकतात. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकटे ५२ पात्रं उभी करत. तिथे लेखनाची परीक्षा म्हणजे आवाज बदलले की माणसं बदलतात का.

स्वगतात मात्र एकच माणूस बोलतो. सुषमा देशपांडे यांच्या 'व्हय, मी सावित्रीबाई'मध्ये सावित्रीबाई आपल्याशी थेट बोलतात, आणि आपण कोण म्हणून ऐकतोय हे आपल्याला लगेच कळतं. स्वगताचा पहिला प्रश्न हाच: हा माणूस कुणाशी बोलतोय, आणि आजच का बोलतोय?

चेखोवचं 'तंबाखूचे दुष्परिणाम' हे छोटं स्वगत या बाबतीत शिकण्यासारखं आहे. बायकोच्या हुकमावरून एक नवरा तंबाखूवर व्याख्यान द्यायला उभा राहतो आणि बोलता बोलता स्वतःच्या वाया गेलेल्या आयुष्यावर येतो. बायको विंगेत दिसताच तो पुन्हा तंबाखूकडे वळतो. समोर श्रोते, बाजूला बायको. या दोघांमुळेच त्याच्या बोलण्यात नाटक येतं. चेखोवनं हे पहिल्यांदा १८८६ मध्ये लिहिलं आणि शेवटचा खर्डा १९०२ मधला आहे. सोळा वर्षं तो या छोट्याशा स्वगताकडे परत परत येत राहिला. आपण पहिल्याच खर्ड्यावर शिक्का मारून मोकळे होतो.

बोलायच्या चार पायऱ्या

लिझ लर्मन या अमेरिकन नृत्यरचनाकार बाईंनी १९९० मध्ये कलाकारांच्या आपसातल्या चर्चेसाठी एक चार पायऱ्यांची रीत बसवली. नाट्यवाचनाला ती चांगली लागू पडते. आपल्या पद्धतीनं सांगते.

पहिली पायरी: काय लक्षात राहिलं ते सांगा. 'छान' नको, नेमकं सांगा. "ती पाटा उचलते तिथे मी श्वास धरला होता." कुठलं वाक्य खोलीत पोचलं, हे लिहिणाऱ्याला याशिवाय कळत नाही.

दुसरी पायरी: लिहिणाऱ्याला विचारू द्या. त्याच्या मनात शंका असतातच. "मधला भाग कंटाळवाणा झाला का?" असं त्यानं विचारलं तर त्याचंच उत्तर द्या, आणि खरं द्या.

तिसरी पायरी: आपण प्रश्न विचारायचे, पण प्रश्नात मत लपवायचं नाही. "शेवट इतका रडका का केलास?" हा प्रश्न नाही, टोमणा आहे. "शेवटी आजीला काय हवंय?" हा प्रश्न आहे.

चौथी पायरी: मत द्यायचं, पण विचारून. "भाषेबद्दल माझं एक मत आहे, सांगू का?" तो "आत्ता नको" म्हणाला तर गप्प बसायचं. हे आपल्याला सगळ्यात अवघड जातं.

यात गुळमुळीतपणा नाही, हे लक्षात घ्या. जे पोचलं नाही ते सांगायचंच आहे. सोबत्याला खोटं 'छान' म्हणणं हा त्याचा अपमानच आहे. फरक इतकाच, की त्याचं नाटक आपल्याला त्याचंच चांगलं करायचं आहे, आपलं नाही.

आजीकडे परत

सहा महिन्यांनी मी त्या ज्युनिअरला गाठलं आणि म्हटलं, "माझं चुकलं. पहिला खर्डा आहे का?" तो म्हणाला, "नाही ताई, डिलीट केला." पण वाचनाआधी त्यानं मला ते फोनवर रेकॉर्ड करून पाठवलं होतं आणि माझ्याकडे ते अजून होतं. दोघांनी बसून ऐकून ऐकून उतरवून काढलं. मग चार-पाच जणांना बोलावून पुन्हा वाचन केलं, या वेळी वरच्या चार पायऱ्यांनी.

तिसऱ्या पायरीवर एका मुलीनं साधा प्रश्न विचारला, "आजी हे कुणाला सांगतेय?" तो बराच वेळ गप्प होता. पहिल्या खर्ड्यात आजी हवेत बोलत होती. मग म्हणाला, "पंचनामा करायला आलेल्या माणसाला."

तिथून सगळं बदललं. विलाप संपला आणि यादी सुरू झाली. नव्या खर्ड्यातल्या काही ओळी त्याच्या परवानगीनं देते:

"लिहा. पाटा एक. वरवंटा एक. ओटला लिहिला का? नाही कसा, त्याच्यावर माझ्या पोरी खेळल्या. बरं, नका लिहू. पिंपळ कुठल्या रकान्यात येतो? येत नाही? मग डूबमध्ये तो माझ्या नावानं जाणार की सरकारच्या?"

आता या ओळींचं रसग्रहण करून पाहू. आजी रडत नाही, हिशेब करते. पण फॉर्मच्या रकान्यात जे मावत नाही तेच तिला लिहून हवंय, आणि ताण तिथून येतो. 'ओटला' आणि 'डूब' हे शब्द काढून बघा. 'बुडीत क्षेत्र' हा सरकारी कागदावरचा शब्द आहे, तो पंचनामावाल्याच्या तोंडी शोभेल. आजीचा शब्द 'डूब'. दोन माणसांमधलं अंतर या दोन शब्दांत आहे, आणि तेच मी 'शुद्ध' करायला निघाले होते! आणि गाव निसरपूरच का? कारण कोयनेची आजी वेगळी असती. तिचे शब्द वेगळे, तिचे रकाने वेगळे. तिचं स्वगत तिच्या गावच्या कुणीतरी लिहावं.

दोष होतेच. मधली माहिती जास्त होती. धरणाची उंची आजीच्या तोंडी खोटी वाटत होती. चौथ्या पायरीवर आम्ही ते विचारून सांगितलं, आणि त्यानं ते काढलं. अकरा मिनिटांचं स्वगत आठ मिनिटांवर आलं.

स्पर्धा आणि वाचन

कुणी म्हणेल, स्पर्धेत परीक्षक असं हळुवार बोलतात का? नाही बोलत. पुण्याच्या पुरुषोत्तम करंडकात २०२२ मध्ये परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाच्या तोडीची नाही असं ठरवलं आणि करंडक कुणालाच दिला नाही. त्यावर नाट्यवर्तुळात भरपूर वाद झाला. परीक्षकांचं बरोबर की चूक, यात मी शिरत नाही. पण परीक्षकाचं काम निकाल देण्याचं आहे, आणि निकाल तयार झालेल्या नाटकाला लागतो. मंडळाचं वाचन त्याच्या कितीतरी आधी येतं. तिथेही आपण परीक्षकाच्या खुर्चीत बसलो, तर लिहिणाऱ्याला सोबती कुठे मिळणार?

सराव

पुढच्या वाचनासाठी दोन गोष्टी करून या. एक: वहीत तीन रकाने पाडा आणि ऐकताना भरा. लक्षात राहिलेलं वाक्य किंवा कृती, पडलेला प्रश्न, आणि मत (हा रकाना झाकून ठेवा, विचारल्यावर उघडा). दोन: जो शब्द तुम्हाला 'चुकीचा' वाटला, त्याच्या खाली रेघ मारा आणि लिहा, की हा शब्द पात्राला चुकतोय की मला?

ते स्वगत शेवटी मंडळाच्या खोलीतच झालं, वीस-बावीस जणांसमोर. संपल्यावर मागून कुणीतरी विचारलं, "निसरपूर कुठे आलं रे?" तो हसला, खिशातून फोन काढला आणि नकाशा उघडून सगळ्यांना दाखवायला लागला. घोळका जमला. मीही त्यात होते. नकाशावर मी त्यांना कुक्षी दाखवली.