आधी कागद, मग पत्रा, शेवटी रंग

जुनी इटालियन स्पोर्ट्स कार विकणारा माणूस गाडीच्या आधी गोष्ट विकतो. पहिला मालक कुणी डॉक्टर किंवा वकील, गाडी कायम गॅरेजमध्ये झाकलेली, आणि आता 'पूर्ण रिस्टोरेशन' झालेलं. नोकरीनिमित्त तुरीनला राहत असताना मी अल्फा रोमिओची जुलिया स्प्रिंट जीटी वेलोचे घेतली. तिच्यामागेही अशीच गोष्ट होती. त्या सौद्यातून आणि नंतरच्या कामातून जे शिकायला मिळालं, ते अशा गाडीच्या मोहात पडलेल्यांच्या उपयोगी पडेल.

गाडीबद्दल आधी थोडं. जुलियाची ही कूपे 1963 मध्ये आली. तिचा आकार बेर्तोनेकडे काम करणाऱ्या, जेमतेम पंचविशीतल्या जॉर्जेतो जुजारोचा. आपल्याकडे नंतर आलेली फियाट उनो हीसुद्धा त्याचीच रचना. 'वेलोचे' 1966 ची: 1570 सीसीचं, दोन कॅमशाफ्टचं अ‍ॅल्युमिनिअमचं इंजिन, 109 अश्वशक्ती, दोन वेबर कार्ब्युरेटर, पाच गिअर आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक. याच बॉडीत अल्फाने 1300 पासून 2000 सीसीपर्यंतची इंजिनं बसवली आणि ती एकमेकांच्या जागी सहज बसतात. मेकॅनिकच्या दृष्टीने ही मोठी सोय. लबाडी करणाऱ्याच्या दृष्टीनेही.

माझी गाडी विकणाऱ्या दलालाचे दावे तीन होते. गाडी पहिल्यापासून तुरीनमधल्या एकाच कुटुंबाची, लाल रंग मूळचा आणि इंजिनही कारखान्यातून आलेलं. फाइल चांगली जाडजूड होती, पण तिच्यात बहुतेक टायर-बॅटरीची बिलं आणि रंगकामानंतरचे फोटो.

इटलीत 1927 पासून वाहनांच्या मालकीची एक सार्वजनिक नोंदवही आहे. तिला पीआरए म्हणतात आणि ती तिथला ऑटोमोबाइल क्लब सांभाळतो. ठरावीक शुल्क भरलं की नंबर प्लेटवरून मालकांचा कालक्रमाने उतारा मिळतो. तो हाती आला आणि पहिला दावा निकालात निघाला. त्या काळी इटालियन नंबर प्लेटवर प्रांताची अक्षरं असत आणि मालक दुसऱ्या प्रांतात गेला की नंबर बदलावा लागे. या गाडीचा तुरीनचा नंबर सत्तरच्या दशकातला निघाला. त्याआधी ती दुसऱ्या प्रांतात, दुसऱ्या नंबरवर आणि दुसऱ्याच नावावर होती. म्हणून उतारा एका नंबरवर थांबवू नका. आधीचा नंबर शोधा आणि त्याचाही उतारा काढा.

दुसरा कागद आरेझेहून आला. मिलानजवळच्या या गावात अल्फाचा कारखाना होता, आता तिथे कंपनीचं संग्रहालय आणि दफ्तर आहे. चासी नंबर कळवला की गाडी कधी बनली आणि तिचा मूळ रंग कोणता, याचा दाखला मिळतो. माझ्या गाडीपुढे रंग लिहिला होता 'बियान्कोस्पिनो', म्हणजे अल्फाचा तो किंचित पिवळसर पांढरा. डिकीच्या कडेचं रबर बोटभर उचललं, तर लालाखाली तोच पांढरा दिसत होता.

इंजिनासाठी कागदाचीही गरज पडली नाही. अल्फाच्या इंजिनावर कोरलेल्या क्रमांकाच्या सुरुवातीलाच इंजिनाचा प्रकार कळतो. वेलोचेचं इंजिन एआर 00536 ने सुरू होतं. चिंधीने तेल-मळी पुसल्यावर दिसलं 00526, म्हणजे चार दारांच्या जुलिया सुपरचं इंजिन. चालायला उत्तम, पण या गाडीचं नव्हे.

हे सगळं पुढ्यात ठेवल्यावर दलाल म्हणाला, "पण गाडी तर तीच आहे ना?" गाडी तीच होती, भाव मात्र दुसऱ्याच गाडीचा सांगितला जात होता. घासाघीस झाली, भाव खाली आला आणि मी ती घेतली. मूळ इंजिन नसलेली गाडी घेण्यात काहीच वावगं नाही. फक्त मूळ इंजिनाचे पैसे मोजू नयेत.

कागदांनंतर पत्रा. सौद्याआधी मी एका म्हाताऱ्या डेंटरला सोबत नेलं होतं. लाल रंगाकडे त्याने पाहिलंच नाही. "जॅक लावायची जागा दाखव," एवढंच म्हणाला आणि गुडघे टेकून गाडीखाली वाकला. या गाडीला वेगळी चासी नसते, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. दारांखालची पोकळ सिल हा त्याचा कणा, आणि गंज आधी तिथेच लागतो. त्याखालोखाल स्टेपनीचा खड्डा, जमिनीचा पत्रा, पुढच्या मडगार्डची चाकामागची बाजू आणि दारांच्या तळकडा. डाव्या सिलवर चुंबक धरेना, रंगाची जाडी मोजायच्या यंत्रावर आकडा हजार मायक्रॉनच्या वर गेला. कारखान्यातला रंग साधारण शंभर-दीडशे मायक्रॉन भरतो. म्हणजे आत पुट्टी. सिलच्या दुरुस्तीचा अंदाज धरूनच मी भाव बोललो होतो.

सिल कापली तेव्हा पुट्टीच्या आतून चुरगळलेल्या वर्तमानपत्राचा बोळा निघाला. गुलाबी कागदाचं क्रीडा दैनिक, तेही ऐंशीच्या दशकातलं. 'नुकत्याच' झालेल्या रिस्टोरेशनमध्ये सिलला कुणी हातसुद्धा लावला नव्हता. जुन्या कुजक्या कामावर नुसता नवा रंग चढवला होता.

म्हणून 'रिस्टोरेशन झालंय' असं कानावर आलं की तीन प्रश्न विचारावेत. कुठला पत्रा बदलला? तो कापतानाचे फोटो आहेत का? बिलात मजुरीचे तास लिहिलेत का? रंग झाल्यानंतरचे फोटो कितीही असले तरी त्यांवरून काही ठरत नाही.

स्वतः काम करून घेताना काही पथ्यं पाळावीत. सिल कापण्याआधी दारांच्या चौकटीत पट्ट्या वेल्ड करून सांगाडा जखडून घ्यायला सांगा, नाहीतर तो वाकतो आणि पुढे दार कधीच नीट बसत नाही. कामाचे पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि प्रत्येक टप्पा झाकला जाण्याआधी बघून या. काढलेले जुने भाग भंगारात जाऊ देऊ नका. इंजिनाचे सुटे भाग आजही मिळतात, खिसा रिकामा होतो तो पत्र्याच्या मजुरीत. चालवून बघताना गाडी थंड असतानाच दुसरा गिअर टाका. तो खरखरला तर सिंक्रो गेलेला आहे, या गाड्यांचं ते नेहमीचं दुखणं. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसला, तर हेड गॅसकेटचा खर्च गृहीत धरा.

मालकीचा धागा तुटला की काय होतं, त्याचं मोठं उदाहरण फेरारीचं आहे. 1954 ची 375 प्लस, चासी 0384. ही शर्यतीची गाडी अमेरिकेत ओहायोमध्ये एका मालकाकडे वर्षानुवर्षं उघड्यावर पडून होती. ऐंशीच्या दशकात ती चोरीला गेली आणि बेल्जियममध्ये पोचली. तिथे तिचं रिस्टोरेशन झालं, पण मूळचे काही भाग ओहायोतच राहिले. मालकीचा वाद वर्षानुवर्षं चालला. 2014 मध्ये इंग्लंडमध्ये गुडवुडच्या लिलावात तिला सुमारे 1 कोटी 7 लाख पौंड आले आणि त्यानंतरही प्रकरण कोर्टात गेलंच. रिस्टोरेशन कितीही देखणं असलं तरी त्याने मालकी सिद्ध होत नाही.

आपल्याकडेही आता हा विषय परका नाही. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेल्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो. बॉडी, चासी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले चालत नाहीत. तेव्हा कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातली जुनी फियाट घेणाऱ्यानेही आरसीवरचे नंबर गाडीवर कोरलेल्या नंबरांशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहावेत. रिव्हेटने ठोकलेली पट्टी बदलता येते. पत्र्यात कोरलेला आकडा बदलला, तर आजूबाजूला घासल्याच्या खुणा राहतात.

माझी गाडी आता पुन्हा बियान्कोस्पिनो आहे. इंजिन 00526 च ठेवलंय. फाइलच्या पहिल्या पानावर मी लिहून ठेवलंय: इंजिन मूळचं नाही, रंग नव्याने मूळ छटेत दिलेला, डावी सिल पूर्ण नवी, फोटो सोबत. उद्या ही गाडी विकायची वेळ आली, तर घेणाऱ्यापुढे हे पान आधी ठेवीन. भावाचं बोलणं त्यानंतर.