सोलनच्या भूशास्त्र कॅम्पला निघालेल्या भाचीस

बॅगेत काय भरायचं याची यादी तुला डिपार्टमेंटनं दिली असेलच, त्यामुळे टोपी, टॉर्च आणि ओआरएसवर मी शब्द खर्च करत नाही. कॅम्पमध्ये पोरं अडतात ती सामानावाचून नव्हे. पुण्याहून गेलेल्या मुलांना पहिले दोन दिवस समोरचं दिसतच नाही, आणि त्याचं कारण आपल्या दगडात आहे. आपल्याकडे जिकडे पाहावं तिकडे बेसॉल्ट, आणि तोही आडवा. सिंहगड घे नाहीतर कळसूबाई, लाव्ह्याचे थर जवळजवळ सपाट, एकावर एक. नकाशावर त्यांच्या सीमा कंटूरच्या बाजूबाजूनं निमूट चालतात. सोलन-कसौलीकडे थर कललेले, दुमडलेले, तुटलेले. त्यांच्या सीमा कंटूर कापत दरीत उतरतात आणि पलीकडे चढतात. तेव्हा हातात असलेल्या महिन्याभरात डोळ्याला तिरकं बघायची सवय लाव.

सुरुवात छपरापासून कर. आपल्या कोकणातल्या घराचं कौलारू छप्पर आठव. आढ्याची आडवी रेघ म्हणजे स्ट्राइक, आणि पावसाचं पाणी जिकडे पागोळ्यांच्या दिशेनं धावतं तो डिप. दोन्ही एकमेकांना काटकोनात. वर्गात हे पाच मिनिटांत कळतं, पण हातात उतरायला वेळ लागतो. डिपार्टमेंटचं ब्रंटन होकायंत्र मागून घे, नाही मिळालं तर साधा क्लिनोमीटर चालेल. पार्किंगचा रॅम्प, जिन्याखालची तिरकी बाजू, पुस्तकांना टेकवलेला ड्रॉइंग बोर्ड, जे कललेलं दिसेल ते रोज मोज. खडकाचा पृष्ठभाग खडबडीत असतो, म्हणून त्यावर आधी वही टेकवायची आणि वहीवर होकायंत्र. हातोडा, पट्ट्याचं बक्कल, मोबाईल दूर ठेव; चुंबक असलेलं फोनचं कव्हर तर घरीच राहू दे. आणि वहीत नुसतं ‘डिप ३५’ असं कधी लिहू नकोस. कुठल्या दिशेला ३५ ते नोंदलं नसेल, तर रात्री नकाशावर ते रीडिंग मांडताच येत नाही आणि सकाळचा चढ पुन्हा चढावा लागतो.

आणखी एक. रस्त्याच्या कापात दिसणारा उतार हा खरा डिप असेलच असं नाही. काप तिरका गेला असेल तर कल नेहमी कमी दिसतो, आणि काप बरोबर स्ट्राइकच्या दिशेनं गेला असेल तर कललेला थरही आडवा दिसतो. आडव्या बेसॉल्टवर वाढलेला डोळा तिथे हमखास फसतो. शेजारी दुसऱ्या दिशेला तोंड असलेला पृष्ठभाग शोधायचा, मगच मोजायचं.

आता तिथल्या दगडांबद्दल. कालक्याच्या बाजूला शिवालिक, पुढे सुबाथू, दगशाई आणि कसौली. शेवटची तिन्ही नावं तिथल्या छावण्यांची. मेडलिकॉटनं १८६४ च्या सुमारास ती दगडांना दिली. सुबाथूत करडे-हिरवट शेल आणि चुनखडक. त्यात न्यूम्युलाइट सापडले की समुद्र होता हे कुणी सांगावं लागत नाही. दगशाई जांभळट-लाल, ती तू चालत्या गाडीतूनही ओळखशील. कसौलीचा वालुकाश्म हिरवट करडा, आणि नशीब असेल तर त्यात पानांचे ठसे. समुद्र हटला आणि नद्यांनी गाळ आणून टाकला, ही हिमालय उठण्याची गोष्ट तिथे रस्त्याच्या कडेला उघडी पडलेली आहे. सोलनपाशी मात्र याहून कितीतरी कोटी वर्षं जुने क्रोल चुनखडक थ्रस्टवरून सरकून तरुण खडकांच्या डोक्यावर येऊन बसले आहेत. ‘खालचा जुना, वरचा नवा’ हा आपला सह्याद्रीतला हिशेब तिथे लागू पडत नाही. नकाशात जुना खडक वर आला म्हणून घाबरून खोडरबर हातात घेऊ नकोस.

थर सरळ आहे की उलटा पडलाय, हेही तिथे विचारावं लागतं. लहरींच्या खुणा, तिरपे थर, खाली जाड आणि वर बारीक होत जाणारे कण यांवरून ते ठरतं. बेसॉल्टमधल्या झिओलाइटवर पोसलेल्या मुलांना कण बघायची सवय नसते. तेव्हा नदीची वाळू कागदावर पसरून १० पटीच्या भिंगाखाली बघ. जमलं तर एखाद्या शनिवार-रविवारी बदामीला जाऊन ये. लेण्यांच्या मूर्ती सगळे बघतात, तू भिंतीतले तिरपे थर बघ.

वहीत खडकाचं नाव सगळ्यात शेवटी लिहायचं. आधी ताज्या फुटीचा रंग, कण, थराची जाडी, मग नाव. नाव आधी लिहिलं की डोळे मिटतात, हे माझं ठाम मत आहे; माझ्या काही सहकाऱ्यांना ते पटत नसे. आणि मोजण्याआधी खात्री कर की खडक जागचा आहे की वरून घरंगळलेला. आजूबाजूच्या दोन-तीन ठिकाणी कल जुळला तरच विश्वास ठेव.

टोपोशीट १:५०,००० ची, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर. कंटूरमधलं अंतर आधी तपास. आपल्याकडे २० मीटरची सवय, हिमालयात बहुधा ४० असतं. मैदानावर टेपनं १०० मीटर आखून स्वतःची पावलं मोज, मग तेच पर्वतीच्या चढावर. चढावरचा आकडा वेगळा येतो. जीपीएस ताडून बघायला ठीक, पण बॅटरी संपली की स्वतःची जागा डोंगरांवरून ठरवता आली पाहिजे.

किरकोळ: बूट महिनाभर आधी घालून मुरव. दगड फोडताना चष्मा, आणि हातोड्यावर हातोडा कधीही मारायचा नाही, पोलादाची कपची डोळ्यात जाते. हायड्रोक्लोरिक ॲसिड रेल्वेतून न्यायला बंदी आहे, ते सरांना तिकडेच घेऊ दे. चुनखडक लगेच फसफसतो, डोलोमाइट ओरखडून पूड केल्यावर. क्रोलमध्ये हे रोज लागेल. महामार्गाच्या उंच कापाखाली बसून डबा खायचा नाही.

आता मुलींपुरतं. आडोसा मिळणार नाही म्हणून पाणी न पिणाऱ्या मुली मी दरवर्षी पाहिल्या, आणि तिसऱ्या दिवसापासून त्यांची डोकेदुखी आणि जळजळही. पाणी पी. वाटेत ढाब्यावर थांबायचं आहे हे सकाळीच स्पष्ट सांग, त्यात लाजण्यासारखं काही नाही. एक मोठी ओढणी आडोशाला जवळ असू दे. पाळी येणार असेल तर जाड पिशवी ठेव; वापरलेलं पॅड परत आणायचं, दरीत टाकायचं नाही.

कालक्याहून वर जाताना टॉय ट्रेनचं तिकीट मिळालं तर झोपू नकोस. रुळाकडेचे काप बघत राहा.

रोज संध्याकाळी, अंग कितीही मोडून आलं तरी, पेन्सिलीच्या नोंदींवर शाई फिरव आणि दिवसभराची रीडिंग नकाशावर चढव. ते झाल्याशिवाय मला फोन करू नकोस. झाल्यावर कितीही उशीर होवो, मी जागी असेन.